कॅमेऱ्याला लावलेलं हळदकुंकू

प्रिय सई आणि अर्णव,

हे पत्र मी हातानं लिहिते आहे. माझं अक्षर लावताना तुम्हांला त्रास होईल, म्हणून बाबाला मोठ्यानं वाचायला सांगा. त्यानंही ऐकायला हवं. त्यात त्याच्याही कामाचं आहे.

मागच्या रविवारी सईनं मला फोनवर तिचा नवा कॅमेरा दाखवला. नवा म्हणजे माझ्याइतका जुना, तिकडच्या जुन्या बाजारातून घेतलेला. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई वेड्यासारखी वागत होती. खिडकीकडे धरला की निपचित पडायची आणि टेबलाखाली नेला की टोकाला जाऊन आपटायची. 'आजी, तुम्ही आजोबांचा असाच दुरुस्त केला होता ना? आता मी काय करू?' मी शहाण्यासारखी उत्तरं दिली. तेल घालू नकोस, तोंडानं फुंकर मारू नकोस, घड्याळं उघडणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे ने. मग सई हसत म्हणाली, 'ह्याच्यात मोठ्या आजीचं हळदकुंकू तर नसेल ना?' तुम्ही दोघंही हसलात. मीही हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी तिथंच खुर्चीत बसून होते.

हा विनोद तुम्हांला बाबानं सांगितला. बाबाला आजोबांनी सांगितला. अक्कांनी खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा केली आणि कॅमेरा आंधळा झाला. लग्नांत, बारशांत, दिवाळीच्या फराळाला, पन्नास वर्षं तो आपल्या घरात चालला आहे. तो सांगितला जात असताना मी चहाचे कप फिरवले आहेत, कुणी अर्धवट सांगितला तर पुरासुद्धा केला आहे. तो खोटा आहे. आणि तो आता समुद्र ओलांडून टोरांटोला पोचला, उद्या तुमच्या मुलांपर्यंत जाईल. आज सकाळी राजवाड्यापाशी झेंडूचे ढीग लागलेले पाहिले. परवा खंडेनवमी. म्हणून आता लिहिते.

आश्विनातला उजेड तुम्ही पाहिलेला नाही. तुम्ही येता ते डिसेंबरात किंवा मे महिन्यात, आणि दोन्ही वेळचा उजेड वेगळा. आश्विनात हवा धुऊन निघालेली असते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचं गवत हिरव्यातून पिवळ्यात जात असतं, आणि सकाळी नऊ वाजता किल्ल्याची प्रत्येक दरड वेगळी मोजता येते. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा पहिल्या तासाला फळ्यावर पडणारी उन्हाची तिरीप दर आठवड्याला किती सरकते हे मला माहीत असायचं. ती सवय कॅमेऱ्यानं लावली. त्याआधी माझ्या लेखी ऊन म्हणजे कपडे वाळवण्याची सोय.

कॅमेरा जर्मन होता. पाचगणीच्या एका शाळेतले शिक्षक निवृत्त होऊन इंग्लंडला परत चालले होते, त्यांच्याकडून आजोबांनी तो घेतला. आजोबा पाटबंधारे खात्यात. बोलायला कमी, वस्तूंवर माया फार. कॅमेऱ्याच्या कपाळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली एक काच होती. तिच्यावर उजेड पडला की तिच्यामागं इवलीशी वीज तयार व्हायची आणि वरच्या खिडकीतली केसाएवढी सुई हलायची. बॅटरी नाही, काही नाही. पुस्तिका इंग्रजीत होती, ती मी वाचून आजोबांना समजावून सांगितली आणि हळूहळू कॅमेरा माझ्याच हातात राहिला. आजोबा पाहुण्यांना सांगायचे, 'आमच्या घरातली शास्त्रज्ञ ही.' मला ते आवडायचं. फार आवडायचं, हे लिहून ठेवलं पाहिजे. मी एक वही केली होती. प्रत्येक फोटोमागं तारीख, जागा, उजेड कसा, सुई कुठल्या आकड्यावर. ती वही सुबक होती. सगळं सुबक असण्याचा मला तेव्हाही गर्व होता.

आता अक्का. अक्का म्हणजे तुमची मोठी आजी, माझी थोरली जाऊ, आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. त्या गावाकडं राहायच्या, सांगलीपासून आठ मैलांवर, कृष्णाकाठी. ऊस आणि हळद. मी लग्न होऊन आले तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या हातातली फुंकणी काढून घेतली आणि म्हणाल्या, 'मास्तरीन, तू पोरींस्नी इंग्रजी शिकीव. जाळाला इंग्रजी कळत न्हाई.' तेव्हापासून मी मास्तरीण. त्या मला अगं-तुगं करायच्या, धाकट्या बहिणीसारखं. बाळंतपणात चाळीस दिवस माझं डोकं न्हाऊ घालायला साताऱ्याला येऊन राहिल्या. तुमचा बाबा पहिला हसला तो त्यांच्याकडं बघून. मला तेव्हा थोडा हेवा वाटला होता.

त्या वर्षी तुमचा बाबा तिसरीत होता. शाळांना सुट्टी लागली आणि आम्ही दसऱ्याला गावी गेलो. अक्कांचा मुलगा तानू पलटणीत भरती झाला होता. दिवाळीआधीच त्याला रुजू व्हायचं होतं. तानू एकोणीस वर्षांचा, आईच्या पदराला धरून वाढलेला, वरून मोठा पैलवान. गावातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी पलटणीत असायचंच, तरी आपल्या घरचं जाणं वेगळं. गेल्या गेल्या अक्कांनी मला बाजूला घेतलं.

'मास्तरीन, माजा न् तानूचा एक फोटू काढ. पेटीत ठिवील.'

मी म्हटलं, सांगलीला स्टुडिओत चांगला निघेल.

'तितं नगं. पडद्यावरच्या ताजमहालाम्होरं हुबं करत्यात. मला माज्या दारात हुबं ऱ्हायाचंय. पोराला आई दिसली की दार बी दिसलं पायजे.'

त्यांनी ट्रंकेतून हिरवं इरकली लुगडं काढून ठेवलं होतं. जन्मात त्यांचा एकही फोटो निघालेला नव्हता. लग्नातला सुद्धा नाही.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा होते, एवढं तुम्हांला माहीत आहे. सोप्यात, पुढच्या पडवीत, घोंगडं अंथरलं होतं. त्यावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, पाण्याच्या इंजिनाचा पाना, तानूची सायकल, घरातलं शिवणाचं मशीन, बाबाची पाटी आणि आजोबांनी ठेवलेला कॅमेरा. प्रत्येक वस्तूला अक्का हळदीचं बोट लावत, वर कुंकू, वर झेंडूचं फूल. घरची हळद, कांडलेली, मैद्यासारखी मऊ. कॅमेऱ्यापाशी आल्या आणि त्यांनी हात मागं घेतला.

'ह्येला नगं. भाऊजींनी सांगितलंय, काचंला हात लावायचा न्हाई.' त्यांनी शेजारी फक्त एक फूल ठेवलं, तेही चार बोटं दूर.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी सगळे जेवून पांगले. मी सोप्यात आले तेव्हा कुणी नव्हतं. घोंगड्यावर सगळी अवजारं पिवळीलाल होऊन सजून बसली होती आणि कॅमेरा तेवढा कोरा. पंगतीत कुणाचं तरी पान वाढायचं राहून जावं तसा. वर्गात मी मुलींना सांगत असे की लोखंडाला हळद कळत नाही. पण तिथं उभी असताना मला वाटलं, ह्याला एकट्याला का वगळायचं? तानूचा फोटो काढायचा आहे, तो नीट येऊ दे. मी बोट पाण्यात बुडवलं, हळदीत घोळलं आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर टेकवलं. वर कुंकवाचं बोट. हळद ओली होती, ती ओघळली. तेवढ्यात आजोबांच्या चपला वाजल्या. मी पदरानं घाईघाईनं पुसून टाकलं. वरून कॅमेरा स्वच्छ दिसत होता. पुसताना ते सगळं सुईच्या खिडकीच्या फटीतून आत गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटताना सुई बिघडली. आपट्याची पानं हातात घेऊन गाव वेशीवर उभं, डोळे दिपावेत असं ऊन, आणि सुई म्हणते अंधार आहे. कॅमेऱ्यावर टिचकी मारली तर एकदम दुसऱ्या टोकाला. आजोबांचा चेहरा उतरला. संध्याकाळी मी वहीत लिहिलं: 'सुई बिघडली. कारण अज्ञात.' तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण मग ते दोन शब्द लिहायला मला इतका वेळ का लागला? मी टाक हातात धरून दिव्याकडं बघत बसले होते, हे मला आठवतं.

अंदाजानं फोटो काढता आला असता. स्टुडिओवाले कुठं मीटर बघत होते? पण सुईवाचून फोटो काढण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. पुस्तकात लिहिलं नसेल तर मी पाऊल टाकत नसे.

सांगलीत पेठेत एक घड्याळजी होते. सगळे त्यांना हवालदार म्हणत. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर मीटर, होकायंत्रं, दुर्बिणी दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त होऊन आल्यावर एका जिन्याखाली टेबल टाकून बसले. आजोबा, मी आणि अक्का सकाळच्या गाडीनं गेलो. तानूही होता, पण तो ट्रंकेवर नाव रंगवून घ्यायला पुढं गेला. अक्कांना त्याच्यासाठी कांबळं घ्यायचं होतं. त्या पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

हवालदारांनी कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला, नाकाजवळ नेला, वास घेतला.

'जर्मन हाय. ह्ये लोक मुक्यानं काम करत्यात, आन् एकदा रुसले की लय रुसत्यात.' मग माझ्याकडं बघून, 'बाई, तेल न्हाई ना घातलं?'

'नाही.'

'शाबास. सुई तेलानं फिरत न्हाई, उजेडानं फिरती. लोक येत्यात, शिवणाच्या मशीनचं तेल वतून. मंग मी काय श्राद्ध घालू त्येचं?'

त्यांनी पांढऱ्या चिनीमातीच्या ताटलीत एकेक स्क्रू काढून ठेवला, घड्याळाच्या आकड्यांसारखा गोल, ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं. मला ते इतकं आवडलं की मी पुढं वाकून बघत होते. झाकण निघालं. आत अंगठ्याच्या नखाएवढं मीटर, त्यात केसासारखी वेटोळी कमान, म्हणजे स्प्रिंग, आणि सुई. हवालदारांनी डोळ्याला भिंग लावलं. साळिंदराचा काटा घेतला आणि सुईच्या मुळाशी अलगद फिरवला. मग काटा पांढऱ्या कागदावर टेकवला. कागदावर एक पिवळा ठिपका पडला. पुन्हा टेकवला, तर तांबडा.

ते मोठ्यानं हसले. 'आवं सायेब, हितं तर देवघर हाय! हळद बी हाय, कुक्कू बी हाय. खंडेनवमीला पुजला व्हय?'

आजोबा हसले नाहीत. 'कुणी लावलं हे? मी बजावून ठेवलं होतं ना, ह्याला हात लावायचा नाही म्हणून?'

'आसूंद्या सायेब,' हवालदार म्हणाले, 'पलटनीत तोफंला बी लावत्यात. पर तोफंच्या पोटात सुई नसती.'

आजोबा माझ्याकडं बघत होते. रागानं नव्हे, विचारत होते. घरातली शास्त्रज्ञ मीच होते ना? मी म्हणाले, 'मी सांगितलं होतं त्यांना, कॅमेऱ्याला नको म्हणून.'

एवढंच. नाव घेतलं नाही. त्याची गरज नव्हती. मागं पायरीवर नऊवारी नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली, सहीऐवजी अंगठा उठवणारी बाई उभी होती. माझा गुन्हा तिच्या अंगाला मापात शिवल्यासारखा बसला. सई, अर्णव, मला सगळ्यांत जास्त लाज ह्याची वाटते. मी घाबरून खोटं बोलले हे एकवेळ समजू शकतं. पण ते लगेच खरं वाटेल हे मला बोलण्याआधीच माहीत होतं. माझं शिक्षण त्या क्षणी एवढ्याच कामाला आलं.

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. घरात बायका आम्ही दोघीच होतो. त्यांनी लावलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं, म्हणजे कुणी लावलं हेही. मी ताटलीतले स्क्रू मोजू लागले.

'व्हय भाऊजी,' त्या म्हणाल्या, 'माज्याच हातनं झालं आसंल. आमाला काय कळतंय यंत्रातलं.' आणि पिशवी उचलून, 'मी कांबळं बघून येते,' म्हणून पायरी उतरल्या.

हवालदारांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, एकदा माझ्या अजून पिवळट असलेल्या बोटांकडं पाहिलं आणि पुन्हा लावलं. त्यानंतर ते मला उद्देशून काही बोलले नाहीत. जे सांगायचं ते आजोबांना सांगितलं.

दुरुस्तीला दुपार गेली. ओलसर हळद कमानीच्या वेटोळ्यांत वाळून बसली होती. पेट्रोलचा थेंब, पिसाचं टोक, पुन्हा थेंब. मग एक बल्ब लावून त्याच्यापुढं कॅमेरा जवळ-लांब केला, शेजारच्या स्टुडिओतून दुसरं मीटर मागून आणून दोन्ही सुया जुळवल्या. शेवटी दाराशी आले आणि कॅमेरा रस्त्यावरच्या उन्हाकडं धरला. सुई झुलली नाही, अडखळली नाही, पाण्यातून वर यावी तशी आली आणि जिथं थांबायला हवं तिथंच थांबली. आजोबांचा चेहरा उजळला. त्यांचा राग तिथंच संपला. परतीच्या गाडीत ते अक्कांना म्हणाले, 'अक्का, पुढच्या वर्षी ह्या एस्टीला लावा हळदकुंकू, कॅमेऱ्याला नको.' अक्का हसल्या. तानू हसला. तुमचा विनोद असा जन्माला आला. मी खिडकीबाहेर ऊस बघत होते.

तानू जायच्या आदल्या दिवशी फोटो काढायचं ठरलं. पाच वाजताचं ऊन, घर पश्चिममुखी, दारावर सोनं सांडल्यासारखा उजेड. आधी तानूचा एकट्याचा काढला, मग वडिलांबरोबर, मग काकाबरोबर. तानूनं हाक मारली, 'आये, ये की.'

अक्का आल्या त्या घरातल्याच लुगड्यात, हातात चरवी. आजोबा म्हणाले, 'हे काय, इरकली कुठं?'

'मी लांबच बरी भाऊजी. पुन्ना बिघडायचं तुमचं यंत्र. धार काढून येते, तवर घ्या तुमी.' माझ्याकडं न बघता म्हणाल्या, 'तुमी काढा फोटू.' मला. मास्तरीण नाही, अगं नाही. त्यानंतर त्या मला कधीच अगं म्हणाल्या नाहीत.

त्या गोठ्यात गेल्या. आम्ही वाट पाहिली. तानू दारात उभा होता. उजव्या बाजूला त्यानं एका माणसापुरती जागा सोडली होती. मी कॅमेऱ्यातून त्याच्याकडं बघत होते आणि मधूनमधून सुईकडं. सुई आता अगदी खरी झाली होती. आठच्या आकड्यावर होती; ऊन उतरेल तसा आकडाही उतरत होता. मग पाच पूर्णांक सहा. गोठ्यातून दुधाच्या धारेचा आवाज येत होता. मग तो थांबला, तरी त्या बाहेर आल्या नाहीत. सुई चारवर आली. रस्त्यावरून बैलगाडी गेली, तिची धूळ उजेडात तरंगत राहिली, खाली बसली. दोन पूर्णांक आठ. आजोबा म्हणाले, 'अक्का, उजेड चालला!' गोठ्यातून आवाज आला, 'आले, आले.'

मला गोठ्यात जायचं होतं. अंगण बारा पावलांचं. तिथं जाऊन एक वाक्य बोलायचं आणि त्यांना हाताला धरून आणायचं. मी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणं कॅमेरा स्थिर धरून उभी राहिले. सुई हळूहळू खाली गेली आणि खालीच राहिली. तानूनं सोडलेली जागा तशीच ठेवून मी शेवटचा फोटो काढला. धुऊन आल्यावर तोच टपालानं त्याच्याकडं गेला आणि त्याच्या पेटीत राहिला.

मध्ये बरीच वर्षं गेली. एका फाल्गुनात मी एकटीच गावी गेले होते. हळद शिजवायचे दिवस. घरामागच्या परड्यात मोठी काहील चढवलेली, सगळं शिवार त्या वासानं भरलेलं. त्या वासात गोड काही नसतं. ओल्या मातीला आणि औषधाला एकत्र उकळावं तसा असतो आणि दोन दिवस केसांतून जात नाही. अक्का वाळलेला पाला जाळात सारत होत्या. आम्ही दोघीच. साताऱ्याहून निघाल्यापासून मी वाक्य जुळवत आले होते.

मी म्हटलं, 'अक्का, त्या दिवशी तुम्ही गोठ्यातून आलाच नाहीत.'

'कवाचं काढताय?'

'तानू पलटणीत गेला तेव्हाचं.'

त्यांनी आणखी एक पेंढी आत सारली. धूर डोळ्यांत गेला तसा चेहरा फिरवला. 'आले आसते वो. पर तुमी त्या यंत्रामागं हुब्या. फोटूत समोर बघाय लागतंय म्हनं. कुटं बघायचं हुतं मी?'

वाक्य तयार होतं. व्याकरणशुद्ध होतं. काहिलीतलं पाणी उकळत होतं, त्यांनी माझ्याकडं बघून थोडी वाटही पाहिली.

मी विचारलं, 'चहा करू का?'

'करा,' त्या म्हणाल्या.

मी ठेवलेला चहा उतू गेला. अक्कांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी आठ दिवस त्यांच्याजवळ होते, पाय चेपले, औषधं वेळच्या वेळी दिली, वेळांचा तक्ता करून भिंतीवर लावला. सेवा केल्यानं मनातलं बोलायचं टळतं. मी ते चांगलं ओळखून होते आणि तरीही तक्ताच करत बसले. आजोबांनाही सांगितलं नाही. ते रागावले नसते. फार तर माझ्याकडं थोडं वेगळं बघितलं असतं. तेवढ्यासाठी.

सईचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तानूला फोन केला. तुमचा तानूकाका आता सत्तरीला आला. सुभेदार होऊन परतला, गावीच असतो. मी आधी तब्येत विचारली नाही, हवा विचारली नाही, जे होतं ते सांगितलं. हळद मी लावली होती. तुझ्या आईनं लावली नव्हती. मी सांगलीत खोटं बोलले म्हणून ती फोटोला उभी राहिली नाही.

पलीकडं म्हैस रेकली.

मग तो म्हणाला, 'काकी, मी आईवर रुसून गेल्तो.'

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

'मला वाटलं, पोराबरं दोन मिन्टं हुबं ऱ्हायाला हिला म्हशीतनं सवड न्हाई. पलटनीतनं पत्रं धाडायचो ती बाच्या नावानं. दोन वर्सं तिचं नाव न्हाई घातलं कुटल्या पत्रात. वाचून दावायला पोस्टमन बसायचा वट्ट्यावर, आन् ती सगळं ऐकायची.' आणि मग, 'तिनं कवा इचारलं न्हाई, का म्हनून.'

मी म्हटलं, 'तानू, माझं चुकलं.'

'व्हय,' तो म्हणाला. 'ठिवू का? म्हशीला पानी दावायचंय.'

बरं झालं सांगितलंत, असं तो म्हणाला नाही. जाऊ द्या आता, असंही नाही. मी तशी अपेक्षा ठेवली होती का? ठेवली होती, थोडीशी. ह्या वयातही.

पन्नास वर्षं मला वाटत होतं की माझ्या खोट्यानं एक फोटो गेला. दोन वर्षांची पत्रं गेली हे मला आता कळलं. अक्का ओट्यावर बसून, पदर सावरून, आपलं नाव येतंय का म्हणून ऐकत असतील. उसाला पाणी किती दिलं, बैल कसा आहे, वडिलांना नमस्कार. पोस्टमन घडी घालून पत्र हातात देत असेल. हे चित्र माझ्या कुठल्याच कॅमेऱ्यानं काढलेलं नाही. तरी तेव्हापासून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा बाबा, इथपर्यंत वाचलं असशील तर आता ऐक. तो विनोद पुन्हा सांगायचा नाही. आणि सांगावाच लागला तर नीट सांग: आईनं कॅमेऱ्याला हळद लावली आणि काकूवर ढकललं. त्यात हसण्यासारखं काही उरत नाही, हे मला माहीत आहे.

काल संध्याकाळी तानूनं न मागता मोबाइलवर अक्कांचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. त्यांचा हा एकच फोटो ह्या जगात आहे. मतदार ओळखपत्रासाठी गावच्या शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना ओळीनं बसवून सरकारी माणसानं काढलेला. त्या गेल्यावर तानूनं तो सांगलीहून मोठा करून आणला. मोठा केल्यामुळं चेहरा फुटला आहे, नाकाची कड नीट दिसत नाही, मागं दार नाही, नुसती चुना दिलेली भिंत. त्या समोर बघत आहेत. तो तानूच्या सोप्यात लावलेला आहे. आपल्या घरी त्यांचा एकही नाही.

तुमची,
आजी